पावसाळा आला की पोलो जीटी घसरते, ट्रॅक्शनचा पिवळा दिवा सारखा लुकलुकतो: तीन पावसाळ्यांनी सापडलेलं कारण आणि बजेटमधले टायर

माझी गाडी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आणि १७५ न्यूटन मीटरचा टॉर्क, तोही दीड हजार आरपीएमपासूनच पूर्ण मिळतो. उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर ही गाडी चालवणं म्हणजे सुख आहे. पण जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की हिचा स्वभावच बदलायचा. सिग्नल सुटला, नेहमीएवढाच ॲक्सिलेटर दिला, तरी पुढची चाकं जागच्या जागी फिरणार आणि मीटरमधला पिवळा दिवा, म्हणजे चाकं घसरत असल्याची सूचना, लुकलुकायला लागणार. जरा जोरात ब्रेक दाबला की पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, करकर. एक्सप्रेसवेवर पाणी साचलेल्या पट्ट्यात शिरलो की स्टिअरिंग एकदम हलकं पडायचं, जणू खाली रस्ताच नाही, आणि ते दोन सेकंद पोटात गोळा यायचा.

हे २०२१ ला झालं, मी टायर बदलले. २०२२ ला वेगळ्या रूपात परत झालं, परत टायर बदलले. २०२३ ला पुन्हा पहिल्यासारखंच. तीन वर्षांत पैसे गेले ते गेलेच, पण मागच्या सीटवर मुलगी बसलेली असताना ताम्हिणीत गाडीची शेपूट सरकली, तो प्रसंग मी अजून विसरू शकत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. पोलो, व्हर्टस, स्लाव्हिया, आय२० एन लाइन, जुनी फिएस्टा, पुंटो अबार्थ, अशा जरा जास्त ताकदीच्या कुठल्याही गाडीला हे लागू पडेल.

आधी गाडी नेमकी कशी घसरते ते बघा

"गाडी पावसात घसरते" एवढं सांगितलं की दुकानदार नवीन टायर काढून ठेवतो आणि विषय संपतो. माझंही तेच झालं. पण घसरण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं निघतं.

निघताना चाकं फिरतात, साध्या ओल्या रस्त्यावर एबीएस लगेच बोलतं, पण रस्त्यावर पाणी साचलेलं नाही: म्हणजे रबर कडक झालंय किंवा मुळातच कडक आहे. टायरच्या नक्षीतल्या खाचा कितीही खोल असोत, रबर रस्त्याला धरत नाही.

साचलेल्या पाण्यात ऐंशी-नव्वदच्या वेगात स्टिअरिंग हलकं होतं, बाकी ओल्या रस्त्यावर सगळं ठीक: म्हणजे खाचा उथळ झाल्यात किंवा हवा कमी आहे. टायर पाणी बाजूला ढकलू शकत नाही आणि पाण्यावर तरंगायला लागतो.

वळणावर मागची बाजू बाहेर जाते: मागचे टायर पुढच्यांपेक्षा वाईट आहेत. हा सगळ्यात धोकादायक प्रकार, कारण पुढून गाडी घसरली तर माणूस आपसूक पाय काढतो आणि गाडी सावरते, मागून घसरली तर पाय काढल्याने उलट जास्त फिरते.

गाडी एका बाजूला ओढते, ब्रेक मारल्यावर वाकडी जाते: अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलंय, हवा कमी-जास्त आहे, कधी ब्रेकच अडकलेला. इथे नवीन टायर घातले तर तेही सहा महिन्यांत तिरके झिजणार.

आणि हो, पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास यातून वगळा. तेव्हा रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, कुठलाही टायर घसरतो. दोन-चार पाऊस होऊन रस्ता धुतला गेल्यावरही तेच होत असेल तर मग टायरकडे वळा.

माझे तीन पावसाळे

२०२१ मध्ये गाडीवर कंपनीतून आलेलेच टायर होते, चार वर्षांचे, अडतीस हजार किलोमीटर झालेले. पुढच्या टायरला खाच चारेक मिलिमीटर शिल्लक होती. कायद्याने कारच्या टायरला कमीत कमी १.६ मिलिमीटर खाच लागते, खाचांच्या तळाशी छोटे रबरी उंचवटे असतात तेच ते १.६ चं माप. म्हणजे कागदावर माझे टायर उत्तम. तरी चाकं फिरायची. दुकानदार म्हणाला, साहेब पुढचे दोन बदला, गाडीचा जोर पुढेच आहे, आणि हे घ्या, साठ-सत्तर हजार आरामात जातील. किंमतही बरी होती. मी पुढचे दोन बदलले आणि खूश होऊन घरी आलो.

तो पावसाळा बरा गेला. मग जुलै २०२२, आम्ही माणगावकडे गावी निघालो होतो, मुळशी सोडून ताम्हिणी घाटात, पाऊस संततधार, वेग पंचेचाळीसच्या आसपास. एका उतरत्या डाव्या वळणावर मी जरा पाय काढला आणि मागची बाजू शांतपणे उजवीकडे सरकायला लागली. आवाज नाही, झटका नाही. ईएसपीने, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेने, एकेक चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ केली, त्याची घरघर मला अजून आठवते. समोरून एसटी येत होती. बायको काहीच बोलली नाही, फक्त तिने मागे वळून मुलीचा बेल्ट तपासला.

चूक माझी होती आणि ती फार जणांकडून होते. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवीन जोडी मागे टाकायची, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. जास्त खाच असलेले टायर कायम मागे. टायर कंपन्याही हेच सांगतात, पण आपल्याकडे दहातल्या आठ दुकानांत नवीन जोडी पुढेच चढवतात, कारण पुढचे लवकर झिजतात आणि गिऱ्हाइकालाही ते पटतं. माझ्या गाडीत पुढे नवीन जोडी पाणी कापत होती आणि मागे २०१७ ची जोडी तरंगत होती. वळणावर शेपूट जाणार नाही तर काय.

घरी आलो त्याच आठवड्यात मागेही तसलीच जोडी घातली. शेपूट सरकणं थांबलं. वाटलं सुटलो. आणि २०२३ च्या जूनमध्ये पुण्यात वारज्याच्या पुलाखालच्या सिग्नलला परत तोच पिवळा दिवा.

रबर मोजलं तेव्हा उलगडा झाला

माझ्या मित्राचा भोसरी एमआयडीसीत रबरी सील आणि बुश बनवायचा छोटा कारखाना आहे. त्याच्याकडे रबराचा कडकपणा मोजायचं हातात मावणारं मीटर असतं, घड्याळासारखी तबकडी आणि खाली बारीक सुई, ती रबरात दाबली की शोर ए स्केलवर आकडा दाखवते. आकडा जेवढा जास्त तेवढं रबर कडक. चहा पिता पिता मी त्याला माझं दुखणं सांगितलं, तो मीटर घेऊन बाहेर आला आणि पुढच्या टायरवर टेकवलं. ७७. दुसऱ्या जागी, ७८. मागच्यावर ७२. त्याच्या स्वतःच्या गाडीला महिन्यापूर्वी घातलेल्या टायरवर ६५. तो म्हणाला, "अरे हे रबर मेलंय, कौल झालंय याचं. खाचा काय बघत बसलायस."

पण पुढचे टायर दोन वर्षांपूर्वी नवीन घेतलेले, पावती माझ्याकडे होती! मग आम्ही दोघं गुडघ्यावर बसून टायरच्या कडेची अक्षरं वाचायला लागलो. डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर होतं ३८१८. म्हणजे २०१८ सालचा अडतिसावा आठवडा. जुलै २०२१ मध्ये मला "नवीन" म्हणून विकलेला टायर पावणेतीन वर्षं कुठल्या तरी पत्र्याच्या गोदामात उन्हाळे सोसत पडला होता. आणि गंमत नव्हे, चीड येते ती याची, की हे आकडे सगळ्या टायरवर उघडे लिहिलेले असतात आणि मी बघितलेच नव्हते. कधी कधी हे आकडे एकाच बाजूच्या भिंतीवर असतात आणि टायर उलट्या बाजूने चढवला तर आतल्या बाजूला जातात, म्हणून रिमवर चढवायच्या आधीच बघायचं.

दुसरी गोष्ट, तो टायर मुळातच जास्त टिकण्यासाठी बनवलेला होता. बऱ्याच टायरच्या कडेला ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो. १०० हा संदर्भ टायर, ४०० म्हणजे त्याच्या चौपट टिकेल असा अंदाज. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी लावून फार अर्थ काढू नका. पण एकाच कंपनीत जो टायर खूप जास्त टिकणारा तो बहुधा पकडीला कमी, हे ढोबळमानाने खरं. शेजारी ट्रॅक्शन म्हणून एए, ए, बी किंवा सी असतं, ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरच्या पकडीचं आहे. वळणातली पकड किंवा साचलेल्या पाण्यातलं वागणं त्यातून कळत नाही. तरीही एए किंवा ए असेल तरच पुढे जा, बी असेल तर अशा गाडीला घालू नका.

त्या दिवशी अजून एक केलं. रविवार होता, पाऊस झिमझिम चालू होता, त्याच्या कारखान्याच्या आतल्या बंद रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. साठच्या वेगाला एका खडूच्या रेघेवर पूर्ण ब्रेक, मग टेपने मोजायचं. तीन वेळा केलं, साडेचोवीस मीटरच्या आसपास आलं. हा आकडा पुढे लागेल, लक्षात ठेवा.

"ऑल वेदर" म्हणजे नक्की काय, इथे सगळे फसतात

नवीन टायर शोधायला लागलो तेव्हा मी परदेशी व्हिडिओ बघून ऑल सीझन, ऑल वेदर असंच शोधत होतो. तिकडे ऑल सीझन टायर म्हणजे बर्फातही चालणारा टायर. त्याच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं, किंवा नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ). त्याचं रबर सात अंशांच्या खालीही मऊ राहावं असं बनवलेलं आणि नक्षीत पुष्कळ बारीक चिरा, बर्फ धरायला. टोरंटोला किंवा म्युनिकला राहणाऱ्याला ते हवंच. आपल्याकडे मे महिन्यात नागपूर-अकोल्याला पंचेचाळीस अंश, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं, त्यावर असलं मऊ रबर आणि चिरांनी भरलेली नक्षी लिबलिबीत होते, लवकर झिजते, आणि जोरकस गाडीचं वळणातलं वागणं ढिलं पडतं. आणि घाटमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पण बर्फ शून्य.

म्हणजे महाराष्ट्रात आणि गोव्यात आपल्या कामाचा ऑल वेदर टायर म्हणजे चांगली ओली पकड असलेला साधा समर टायर. रुंद सरळ खाचा, सिलिका मिसळलेलं रबर, आणि टूरिंग प्रकारचा, म्हणजे रोजच्या आणि लांबच्या आरामशीर प्रवासासाठी बनवलेला. सिलिकाचं महत्त्व असं की तिच्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड वाढते आणि तरीही टायर जड फिरत नाही, म्हणजे ॲव्हरेजही फार पडत नाही. पूर्वी नुसत्या कार्बन ब्लॅकच्या (काजळीसारखी काळी पूड मिसळलेल्या) रबरात यातलं एक मिळवायला दुसरं सोडावं लागायचं. दुकानात सिलिका आहे का विचारा, कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

उलट टोकाचे, म्हणजे खास स्पोर्ट टायर, उदाहरणार्थ मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४, पावसातही फार छान धरतात यात वाद नाही. पण किंमत जास्त, झीज लवकर, आणि १०५-११० पीएसच्या रोजच्या गाडीला तेवढी गरज नाही असं माझं मत. दीडशे-दोनशे पीएसच्या पुढे गेलात तर गोष्ट वेगळी.

मी ज्या नावांतून निवडलं ती अशी: योकोहामा ब्लूअर्थ जीटी, मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६, ब्रिजस्टोन टुरान्झा, गुडइयर अश्युरन्स ट्रिपलमॅक्स, अपोलो ॲस्पायर ४जी, सिएट सिक्युराड्राइव्ह. यातला कुठला तुमच्या साइझमध्ये मिळतो ते शहराशहरात बदलतं. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात रिस्ट्रिक्टेड यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येईना, त्यानंतर काही बाहेरचे साइझ अचानक मिळेनासे झाले होते, म्हणून एकाच मॉडेलवर मन लावून बसू नका. देशात बनणाऱ्यातला मिळाला की ताजा मिळण्याची शक्यता जास्त, आणि माझ्या दृष्टीने थोडा कमी नावाजलेला पण तीन महिन्यांपूर्वी बनलेला टायर हा दोन वर्षं पडून राहिलेल्या भारी टायरपेक्षा केव्हाही चांगला.

मी योकोहामा ब्लूअर्थ जीटी घेतला, एप्रिल २०२४ मध्ये, चारही एकदम. दुकानदाराला फोनवरच सांगितलं की बिल करायच्या आधी चारही टायरच्या तारखेचे फोटो पाठवा, सहा महिन्यांच्या आतले असतील तरच घेईन. दोन दुकानांनी टाळाटाळ केली, तिसऱ्याने पाच मिनिटांत फोटो पाठवले. तिथेच घेतले. वॉल्व, बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळं धरून चौतीस हजारांच्या आत बसलं.

आता स्वस्त म्हणजे काय हा हिशोब. मी किलोमीटरवर काढतो. चौतीस हजारांचा संच ३ मिलिमीटरपर्यंत झिजायला साधारण पंचेचाळीस हजार किलोमीटर धरले तर किलोमीटरला पंच्याहत्तर पैसे. चोवीस हजारांचा तो जास्त टिकणारा कडक संच साठ हजार किलोमीटर धरला तर चाळीस पैसे. फरक पस्तीस पैशांचा. माझी गाडी वर्षाला बारा हजार चालते, म्हणजे वर्षाला चार हजार दोनशे रुपये. एकदा मागून कोणाला ठोकलं तर नुसत्या बंपरच्या रंगाला एवढे जातात. यापेक्षा स्वस्त हिशोब मला तरी दिसत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, म्हणजे शंभर रुपये मूळ किमतीला १२८ ऐवजी ११८. आता कोणी जुनं लेबल दाखवून जुनाच भाव लावत असेल तर बिलावरचा टॅक्स बघा.

सेकंडहँड टायर मात्र घेऊ नका, कितीही चकचकीत दिसला तरी. काळं पॉलिश मारलेलं असतं आणि आतली तार तुटलेली बाहेरून कळत नाही.

साइझचं

मोठा टायर, मोठी रिम म्हणजे जास्त पकड असं वाटतं, पावसात ते उलटंही पडतं. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला करावं लागतं. माझ्या गाडीचा साइझ १९५/५५ आर१६, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची; ती भिंत १०७ मिलिमीटर उंच. २०५/४५ आर१७ लावलात तर ती ९२ होते, पंधरा मिलिमीटर गेले, आणि पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात पहिला फुगा तिथेच येणार, रिमही वाकणार. माझ्या ऑफिसमधल्या एकाने हिंजवडीच्या रस्त्यावर एका पावसाळ्यात दोन टायर असे घालवले. १६ वरच राहून २०५/५५ लावला तर उंची जेमतेम पावणेदोन टक्के वाढते, खड्ड्यांना बरा पडतो, पण आत कुठे घासतो का ते स्टिअरिंग पूर्ण वळवून बघावं लागतं आणि विमा कंपनीचा प्रश्न येतो. मी कंपनीचाच साइझ ठेवला.

आकड्यांच्या पुढे ८७ व्ही किंवा ९१ व्ही असं असतं. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. टी म्हणजे १९० चा वेग, एच २१०, व्ही २४०. कंपनीने जे दिलंय त्याच्या खाली जाऊ नका. इथे कोणी दोनशे चाळीसने जाणार नाही हे खरं, पण वरच्या अक्षराचा टायर उष्णतेला जास्त तग धरतो, आणि उष्णता आपल्याकडे भरपूर आहे.

हवा, आणि इथे मी स्वतः वर्षभर चुकत होतो

पंपावरचा हवेचा मीटर बरोबर असतो असं मी धरून चाललो होतो. मग एक डिजिटल गेज घेतला आणि घराजवळच्या पंपावरून ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून आल्यावर सकाळी थंड टायरवर मोजलं तर २८, २९, २७, ३०. चारही वेगळे! ही तपासणी सगळ्यांत स्वस्त आहे आणि माझं म्हणणं आहे की नवीन टायर घ्यायच्या आधी हीच करा.

साचलेल्या पाण्याशी हवेचा थेट संबंध आहे. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवरून एक सोपा नियम काढला होता, पाणी खाचांपेक्षा खोल असेल तर टायर कितीला तरंगायला लागेल ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. त्या हिशोबाने ३२ पीएसआयला ताशी साधारण ९४ किलोमीटर आणि २४ पीएसआयला ८२. कारच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, टायरची रुंदी आणि नक्षी यांनी फरक पडतो, पण दिशा तीच. हवा कमी म्हणजे गाडी लवकर तरंगणार. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला शंभरची मर्यादा आहे, आणि आठ पीएसआय कमी असलेला टायर त्याच्या बराच आधी हात सोडतो. पावसात मी स्वतः तिथे सत्तरच्या वर जात नाही आणि क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) तर बंदच ठेवतो.

म्हणून जास्त हवा भरावी का? नाही. जास्त भरली की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि मधली नक्षी आधी संपते. पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो तक्ता चिकटवलेला असतो तोच आकडा, थंड टायरवर, पंधरा दिवसांतून एकदा. तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय आपोआप कमी होतं, म्हणजे मेमध्ये भरलेली हवा जुलैत कमीच भरते. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, मोफत मिळत असेल तर घ्या, त्यासाठी पैसे घालवू नका.

अलाइनमेंटचं थोडक्यात: तळहात टायरवर आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय. आतली कडच फक्त झिजलेली असेल तरी तेच, आणि ती कड उभं राहून दिसत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून मोबाईलच्या टॉर्चने बघावी लागते. पोलोचा मागचा ॲक्सल ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई) आहे, तिथे ॲडजस्ट करायला काही नसतं, त्यामुळे "चारही चाकांचं केलं" म्हणून जास्त पैसे मागितले तर मागचं नेमकं काय फिरवलं ते विचारा.

नवीन टायर घातल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा. साच्यातून सहज निघावा म्हणून लावलेला पातळ थर वर असतो, तो जाईपर्यंत ओल्या रस्त्यावर नवा टायरही सरकतो. म्हणूनच मी एप्रिलमध्ये घेतले, पाऊस यायच्या आधी ते निघून जावं म्हणून.

आता काय स्थिती आहे

२०२४ च्या जूनमध्ये पुन्हा भोसरीला गेलो, तीच खडूची रेघ, तसाच झिमझिम पाऊस, साठचा वेग, पूर्ण ब्रेक. एकोणीस मीटरच्या जरा आत. तीनही वेळा. साडेपाच मीटरचा फरक म्हणजे एक अख्खी पोलो आणि वर दीड मीटर. मित्राने टेप गुंडाळली नाही, तशीच जमिनीवर ठेवून बराच वेळ बघत उभा राहिला, मग म्हणाला माझ्या बाबांच्या गाडीचे पण बघू आज. त्यांच्या गाडीचे निघाले २०१६ चे.

दोन पावसाळे झाले. पिवळा दिवा पूर्ण गेला असं म्हणणार नाही, चढावर ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक असताना जोरात निघालो तर अजून लुकलुकतो, आणि तिथे तो लुकलुकायलाच हवा, तेच त्याचं काम. पण सिग्नलला नाही, घाटात नाही. ताम्हिणीतल्या त्याच डाव्या वळणावरून त्यानंतर सात-आठ वेळा गेलो असेन.

या मेमध्ये चोवीस हजार किलोमीटरला मोजलं. पुढे ५.३ मिलिमीटर, मागे ६. शोर मीटरवर ६८. खाच मोजायची पट्टी शंभर-दीडशे रुपयांत मिळते, तीन ठिकाणी मोजायचं, आत, मध्ये, बाहेर. ४ मिमी झाली की मी पुढच्या उन्हाळ्यात टायरची तजवीज सुरू करणार आणि ३ च्या खाली एकही पावसाळा काढणार नाही. पुढचं मोजमाप दिवाळीच्या आधी, पाऊस सरल्यावर, तेव्हाच पुढचे-मागचे अदलून घेईन आणि स्टेपनीची तारीखही बघायची आहे, ती अजून २०१७ चीच आहे.